पिठ्याकाका

आमच्या सोसायटीतली माणसं आपली झाडं पिठ्याकाकांपासून लपवून ठेवतात. झाड आजारी असेल तर लपवतातच, पण टवटवीत असेल तर जास्त लपवतात. टवटवीत झाडात काही सापडेपर्यंत काका उठत नाहीत.

लपवण्याचा फारसा उपयोग होत नाही. गणपतीची वर्गणी मागायला, मीटिंगच्या नोटिशीवर सही घ्यायला, नाहीतर "तुमच्याकडे पाणी आलं का हो?" एवढंच विचारायला काका दार वाजवतात, चपला काढतात आणि आपण "या, बसा" म्हणेपर्यंत थेट बाल्कनीत पोचलेले असतात. सदऱ्याच्या खिशातून भिंग निघतं. ते त्यांनी बोहरी आळीतून आणलंय, दहापट मोठं दाखवतं. दोन बोटांत पान धरून ते अलगद उलटं केलं जातं, आणि घरातली माणसं उगीचच हळू बोलायला लागतात. मग काका "हं" म्हणतात. या "हं"चे दोन प्रकार आहेत. आखूड असला तर काही नाही, सुटलो. लांब आणि शेवटाला जरा चढवलेला असला तर सापडलं. काकू बरोबर असल्या तर लांब "हं" ऐकल्याबरोबर त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसतात आणि आमच्या बायकोला म्हणतात, "निवडायची भाजी असेल तर आण गं इकडे."

पिठ्याकाका हे नाव पोरांनी ठेवलेलं आहे. पांढऱ्या, पिठात लोळून आल्यासारख्या दिसणाऱ्या ज्या किडीला शेतकरी पिठ्या ढेकूण म्हणतात, तिचा उल्लेख काकांच्या तोंडून दिवसातून इतक्या वेळा होतो की दुसरं नाव पडणं शक्यच नव्हतं. काकांना या नावाचा राग नाही. त्यांचा आक्षेप वेगळाच आहे. या नावामुळे मावा हा विषय त्यांच्याकडे नाही असा लोकांचा समज होतो, आणि तो चुकीचा आहे.

नोकरीत काका एका बँकेच्या तपासणी खात्यात होते. गावोगावच्या शाखांत जायचं, तिथल्या मॅनेजरने पुढे केलेला चहा बाजूला सारायचा आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या वह्यांतल्या चुका काढायच्या, असा सगळा जन्म गेला. निवृत्तीनंतर वह्या गेल्या, नजर राहिली. सुरुवातीला त्यांनी काकूंचं स्वयंपाकघर तपासायला घेतलं. तुरीच्या डाळीचा आरंभीचा साठा आणि महिनाअखेरची शिल्लक जुळेना, तेव्हा काकूंनी नर्सरीतून एक जास्वंद आणून त्यांच्या हवाली केली. हेतू दुहेरी होता. देवाला फूल मिळावं आणि नवरा बाल्कनीत राहावा. दुसरा हेतू लगेच साध्य झाला. पहिल्याचं अजून काही खरं नाही, कारण ती जास्वंद नर्सरीतूनच पानांच्या बेचक्यांत पिठ्या घेऊन आली होती, आणि काकांना आयुष्याचं काम मिळालं.

बाहेरच्या माणसाला वाटतं काकांना झाडांची आवड आहे. तसं काही नाही. त्यांच्या त्या जास्वंदीचं फूल कुठल्या रंगाचं होतं म्हणून विचारा, ते म्हणतील, "लाल असावं." पण तिसऱ्या फांदीच्या दुसऱ्या बेचक्यात मागच्या उन्हाळ्यात काय होतं ते तारखेनिशी सांगतील. दर जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. सारं पुणं तिथे गुलाबांपुढे उभं राहून फोटो काढत असतं, आणि काका गुलाबाच्या मागच्या बाजूला वाकलेले असतात. गेल्या खेपेला मी त्यांच्याबरोबर होतो. रिक्षात ते गप्प गप्प होते. प्रदर्शन कसं वाटलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "काही नव्हतं हो. सगळं साफ. उगीच गेलो."

असा माणूस झाडांच्याच प्रांतात सापडतो असं नाही. लग्नपत्रिका हातात पडल्यावर मुलीचं नाव वाचायच्या आत 'आशीर्वाद'मधली वेलांटी पाहणारे, दवाखान्यात भेटायला गेले की पेशंटऐवजी उशाची फाईल वाचत बसणारे, हे सगळे याच कुळातले. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. उलट दुसऱ्याच्या घोटाळ्यात ते जितका जीव ओततात तितका सख्खा माणूस ओतत नाही. फक्त घोटाळा मिटला की त्यांचा मूड जातो.

काकांच्या रागाचा विषय एकच, आणि तो म्हणजे "पांढरं काहीतरी पडलंय" हे वाक्य. कीड त्यांना सहन होते, हे वाक्य होत नाही. मार्गशीर्षातल्या एका ढगाळ सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात म्हणाल्या, "काका, माझ्या शेवंतीवर पांढरं काहीतरी पडलंय."

"पांढरं म्हणजे?"

"म्हणजे... पांढरं."

"हलतं की बसून आहे? पुसलं तर बोटाला पीठ लागतं की चिकटा? पानावर आहे की कळीच्या देठाला? मुंग्या आहेत? असतील तर चढणाऱ्या की उतरणाऱ्या?"

"काका, माझा कुकर लागलाय."

कुकर उतरेपर्यंत काका त्यांच्या बाल्कनीत होते. मीही मागोमाग गेलो, कारण आमच्याकडचं वर्तमानपत्र वहिनींकडे होतं. काकांनी कळी वाकवून भिंग धरलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "या, बघा. पानावर ही जी पांढरी टरफलं आहेत ना, ती कीड नाहीच. ती कात आहे. मावा मोठा होईपर्यंत चार वेळा कात टाकतो आणि ती खाली तशीच सोडून देतो. लोक रिकामी कात पुसत बसतात आणि आरोपी वर कळीला लटकलेला असतो. हा इथे. काळपट, चकाकणारा. पेअरच्या आकाराचा म्हणतात पुस्तकात. आता याच्या पाठीमागच्या टोकाला बघा, दोन बारीक नळ्या दिसतात? उभ्या? त्या दिसल्या की प्रश्न मिटला. मावा. पिठ्याला त्या नसतात."

मला नळ्या दिसल्या. खरंच दिसल्या. आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही बरं वाटलं.

"मोठा असा कोण बसलाय ना तिथे," काका पुढे म्हणाले, "ती मादी. आपल्याकडच्या हवेत वर्षभर बहुतेक सगळ्या माद्याच. नराची गरज नाही. अंडी नाहीत, थेट जिवंत पिल्लू. आणि ते पिल्लू जन्मतं तेव्हाच त्याच्या पोटात पुढचं पिल्लू वाढत असतं. आईच्या पोटात लेक, लेकीच्या पोटात नात. हवा मानवली की आठ-दहा दिवसांत जन्मलेली पोर आई होते. म्हणून तर आभाळ आलं की मावा पडतो असं शेतकरी म्हणतो, त्याला एका रात्रीत आभाळातून पडल्यासारखा वाटतो. पडत बिडत नाही. घरातच वाढतो."

इथे काका नेहमी बॉनेची गोष्ट सांगतात. शार्ल बॉने, राहणार जिनिव्हा, वय वीस. १७४० साली त्याने माव्याचं एक नुकतं जन्मलेलं पिल्लू एका फांदीवर एकटं ठेवून वर काच झाकली आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत भिंग घेऊन पहारा केला. नराची सावली पडू दिली नाही. तरी त्या पिल्लाला मोठं झाल्यावर पंचाण्णव पोरं झाली, आणि बॉनेने प्रत्येकाची नोंद ठेवली. काका "नोंद" हा शब्द ज्या आदराने उच्चारतात त्या आदराने माणसं गुरूचं नाव घेतात.

काकूंनी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "विशीतला मुलगा दिवसभर ढेकूण मोजतोय, त्याच्या आईला काय वाटलं असेल?" अलीकडे त्या एवढंच विचारतात, "आणि पुढे त्याची नजर गेली, ते सांगितलंत का?" बॉनेची दृष्टी पुढे खरोखरच अधू झाली. काका तो भाग गाळतात.

शेवंतीकडे परत येतो. काका नोंदवही आणायला खाली गेले. पाच मिनिटांत वर आले तर वहिनींनी बाल्कनी धुवायचा पाइप शेवंतीवर धरून सगळा मावा गटारात पाठवला होता. काका दारातच थबकले. "धुतलंत?" ते म्हणाले. "अहो, मोजणी व्हायची होती."

खरं तर वहिनींचं बरोबर होतं. माव्याचं अंग मऊ, सोंड कोवळ्या देठात रुतलेली. जोराच्या धारेने तो एकदा खाली पडला की पुन्हा वर चढून येणं त्याला क्वचितच जमतं. दोन-तीन दिवसांआड अशी धार मारली की घरच्या दहा कुंड्यांना दुसरं औषध लागत नाही. हे काकांनाही ठाऊक आहे. पण इतका मोठा आरोपी इतक्या किरकोळ शिक्षेवर सुटावा हे त्यांना पटत नाही. वहिनींनी लगेच सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर टाकलं: 'झाडावरचे पांढरे किडे नुसत्या पाण्याने जातात. करून बघा.' खाली बारा अंगठे आले.

त्या अंगठ्यांतला एक तळमजल्यावरच्या जोशीबुवांचा होता. (जोशी आमच्याकडे चार आहेत, त्यामुळे कुणाचं गुपित फुटत नाही.) त्यांनी आपल्या जास्वंदीवर पाइप धरला. पाणी पिठ्यावरून ओघळून गेलं, आणि पिठ्या जिथे होता तिथेच बसून राहिला. कारण अंगावर दिसतं ते पीठ नव्हे, मेण असतं. पाणी काय आणि पाण्यात कालवलेलं औषध काय, त्या मेणावर थांबत नाही. शिवाय मावा कोवळ्या शेंड्यावर उघड्यावर बसतो. पिठ्या शिरतो बेचक्यात, सालीच्या फटीत, कळीच्या पाकळ्यांआड, काही जाती तर थेट मुळांशी. अंडी घालायची ती कापसासारख्या पिशवीत, एकेका पिशवीत काहीशे. माव्याची गर्दी वाढली की त्याच्या काही पिल्लांना पंख फुटतात आणि ती उडून दुसरं झाड बघतात. पिठ्याच्या मादीला जन्मात पंख फुटत नाहीत. तिची पिल्लं चालत जातात, वाऱ्याने जातात, मुंग्या उचलून नेतात, आणि सगळ्यात जास्त जातात ती नर्सरीतून आणलेल्या नव्या कुंडीबरोबर, आपणच पैसे मोजून.

जोशीबुवा वर तक्रार घेऊन आले त्या संध्याकाळी काकांचा चेहरा पाहण्यासारखा होता. "रोग ओळखल्याशिवाय औषध," ते म्हणाले, "म्हणजे वही न उघडता मारलेली सही." मग त्यांनी कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेका पिठ्याला टेकवून दाखवली. मेण विरघळतं, खालचा गुलाबी ऐवज उघडा पडतो. मोठ्या झाडाला आधी साबणाचं पाणी, मग निंबोळी अर्क. शेतकऱ्याचं माप शंभर लिटरला पाच किलो निंबोळ्या, आपलं लिटरला पन्नास ग्रॅम. जोशीबुवांनी विचारलं, "किती दिवस करायचं हे?" काका आनंदाने म्हणाले, "संपत नाही."

पिठ्याचा नर मात्र भलताच प्राणी आहे. त्याच्या अंगावर मादीसारखी मेणाची जाड झूल नसते, दोन नाजूक पंख असतात, आणि मोठा झाल्यावर त्याला खायला तोंडच नसतं. दोन-चार दिवस जगतो, मादी शोधतो, मरतो. हे ऐकून काकू म्हणाल्या, "तोंड नाही? संसार सुखाचा होत असेल." काकूंनी एकदा काकांच्या नातेवाइकांचीही विभागणी केली होती. दिवाळीला घोळक्याने येऊन फराळ संपवून जातात ते मावा, आणि मुलाखतीला म्हणून आलेला, चार महिने आतल्या खोलीतून न हललेला धाकटा दीर पिठ्या. काकांनी हे साफ फेटाळलं. भावाचा अपमान झाला म्हणून नव्हे. "मिशा आहेत त्याला, म्हणजे नर धरावा लागेल," ते म्हणाले, "आणि पिठ्याचा नर खात नाही."

काकांच्या शास्त्राला आयुष्यात एकदाच मोठा धक्का बसला तो २००२ साली, आणि तो घरच्याच शेतात बसला. त्यांचं गाव सांगली जिल्ह्यात, वाळव्याकडे. त्या पावसाळ्यात तिथल्या उसावर पांढरं काहीतरी पडलं. पानाच्या पाठीला मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी लोकर चिकटवल्यासारखे थर, खालच्या पानांवर चिकट गोड पाणी, त्यावर काळी बुरशी, आणि उसातून बाहेर येणाऱ्या माणसाचा सदरा पांढरा. काकांनी भावाला फोनवरच निदान सांगितलं: पिठ्या. मेण आहे, पांढरा आहे, दुसरं काय असणार? हातातलं सगळं टाकून ते गावी गेले, पान उलटं केलं, भिंग लावलं. तो मावा निघाला. लोकरी मावा. अंगावर लोकरीसारखं मेण वागवणारा मावा! काळा-हिरवा उघडा तो मावा, पांढरा झाकलेला तो पिठ्या, ही त्यांची सारी मांडणी बांधावर कोसळली. ते पान हातात घेऊन बराच वेळ तिथेच बसले होते म्हणतात.

भाऊ म्हणाला, "दादा, नाव तुमाला काय ठेवायचं ते ठेवा. ऊस वाळायलाय, त्याचं सांगा."

त्याचं उत्तर काकांकडे नव्हतं. ते उत्तर निघालं किड्यांकडेच. डिफा नावाची अळी आणि मायक्रोमस नावाचा एक पंखवाला किडा लोकरी माव्यावर तुटून पडतात. ते जिथे आढळले तिथली पानं कापून दुसऱ्या शेतांत नेऊन बांधली गेली, आणि दोन-तीन हंगामांत तो धिंगाणा आटोक्यात आला. पिठ्याच्या बाबतीतही तेच घडलेलं आहे. पपईवरचा परदेशी पिठ्या २००८ साली कोइमतूरला सापडला, पाहता पाहता महाराष्ट्रातही आला. २०१० मध्ये बंगळुरूच्या सरकारी कीटक संस्थेने पोर्तो रिकोहून टाचणीच्या टोकाएवढी एक परजीवी माशी आणवली. ती पिठ्याच्या अंगात अंडं घालते आणि तिची अळी त्याला आतून खाते. महागड्या फवारण्यांना दाद न देणारा पिठ्या तिच्यापुढे नमला. या सगळ्या हकिगती काका सांगतात त्या मात्र चोर पकडल्याच्या म्हणून नव्हे. चोर बरोबर ओळखला गेला, म्हणून कौतुक.

आता माझ्या जास्वंदीबद्दल. उन्हाळ्यात तिचे शेंडे आखडले, पानं गुच्छासारखी चुरगळली, कळ्या उमलायच्या आत गळायला लागल्या. मी कुणाला बोललो नाही, तरी काका आले. मुंग्यांनी चुगली केली होती. खालच्या भिंतीवरून माझ्या कुंडीपर्यंत चाललेली त्यांची रांग काकांनी जिन्यातूनच हेरली. मावा असो की पिठ्या, दोघेही झाडाचा गोड रस ढोसतात. त्यात साखर भरमसाट आणि खरं पोषण थोडं, म्हणून गरजेपेक्षा कितीतरी जास्त प्यावा लागतो, आणि जादा साखर मागून थेंब थेंब बाहेर टाकावी लागते. मुंग्या त्याच्या गिऱ्हाईक. त्या बदल्यात त्या किडीची राखण करतात. "मुंगी कधी फुकट जिना चढत नाही," हे काकांचं आवडतं वाक्य.

त्या दिवशी त्यांचा "हं" फारच लांबला. पिठ्या भरपूर होता, आणि त्यात काही दांडगे होते, नेहमीच्या दुप्पट-तिप्पट, अंगावर पांढऱ्या झिपऱ्या लोंबणारे. काका म्हणाले, "असे मी पाहिले नव्हते. पोसलेत चांगले." आणि स्पिरिटची काडी काढून आधी त्या दांडग्यांना एकेक करून टिपलं.

समोरच्या फ्लॅटमधली मुलगी कृषी महाविद्यालयात शिकते. ती परत करायला आणलेलं भांडं हातात घेऊन मागे उभी होती. म्हणाली, "काका, तो पळतोय."

"कोण?"

"तो मोठा. पिठ्या इतका भराभर चालतो का? तो क्रिप्टोलिमस आहे, काका. लेडीबर्डची अळी. पिठ्याच्या गर्दीत खपून जावं म्हणून तसाच दिसतो. तो पिठ्या खातो. तुम्ही चार मारलेत."

काकांनी काडी खाली ठेवली. बाल्कनीत कुणी काही बोलेना. मुलीलाच वाईट वाटलं असावं, ती समजुतीच्या सुरात सांगू लागली: हा भुंगेरा मूळ ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ मध्ये आणला गेला, मोठा झाल्यावर काळपट होतो आणि डोकं नारिंगी असतं, द्राक्षबागांतून पिठ्यासाठी मुद्दाम सोडतात. काकूंना वाटलं हे आता आठ दिवस जेवणार नाहीत. मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघांनीही काकांना ओळखलेलं नव्हतं.

काका उठले, उरलेल्या पाचव्या दांडग्याच्या मागे भिंग घेऊन फांदीभर फिरले, आणि वळले तेव्हा त्यांचा चेहरा लख्ख उजळला होता. "अहो," ते मला म्हणाले, "पिठ्या आणि पिठ्यासारखा दिसणारा! दोन्ही पांढरे, दोन्ही एकाच फांदीवर, आणि एक दुसऱ्याला खातोय! हा फरक मला इतकी वर्षं कुणी सांगितला नाही!" चार हत्यांचं ओझं त्यांच्या मनावर काडीचंही दिसलं नाही. त्यांना नवी नोंद मिळाली होती.

पुढचे काही आठवडे सोसायटीने हालअपेष्टांत काढले. आजवर ज्या ज्या घरी काकांनी "टिपा" म्हणून सांगितलं होतं तिथे तिथे जाऊन ते आता "थांबा" सांगत होते. पांढऱ्या कुठल्याही गोष्टीला त्यांच्या तपासणीआधी हात लावायचा नाही. लोक घाबरून गेले. वहिनींनी पाइप गुंडाळून ठेवला. जोशीबुवा खिडकीतून येणाऱ्या सावरीच्या कापसालाही "हा खाणारा की खाल्ला जाणारा?" म्हणून विचारू लागले. या स्थगितीचा सगळ्यात मोठा फायदा अर्थातच पिठ्याला झाला. क्रिप्टोलिमस होते ते थोडे, आणि त्यातले चार काकांनी आधीच कमी केले होते. पिठ्या जास्वंदीवरून पेरूवर गेला, पेरूवरून कुणाच्या तरी सीताफळावर, आणि एके दिवशी काकूंच्या तुळशीत दिसला.

तुळशीत दिसला म्हटल्यावर काकूंनी भिंग मागितलं नाही. कात्री मागितली. आधी स्वतःच्या घरातली आणि मग, मला न विचारता, माझी जास्वंद त्यांनी वीतभर ठेवून सपाट छाटली. फांद्या प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधल्या, कुंडीच्या काठाला मुंग्या येऊ नयेत म्हणून कसलीशी चिकट पट्टी लावली आणि बुंधा साबणाच्या पाण्याने जुन्या दातांच्या ब्रशने घासून काढला. हे सगळं चालू असताना काका दारात उभे राहून एवढंच म्हणत होते, "अगं, निदान किती आहेत ते तरी..."

पावसाळा अर्धा सरला आणि माझी जास्वंद फुटली. तजेलदार, हिरवीगार, शेंड्याशेंड्याला कळी. पहिलं फूल मी काकूंना नेऊन दिलं. त्यांनी ते देवाला वाहिलं आणि मला रव्याचा लाडू दिला. काका दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी एकेक पान पाहिलं, बेचकी पाहिली, कळीचा देठ पाहिला, बुंध्याची साल पाहिली. सहा फुलं त्यांच्या नाकाशी डोलत होती, ती त्यांनी हाताने बाजूला सारली, कारण मागचं दिसत नव्हतं. मग भिंग खिशात घालून म्हणाले, "छान झालीय." एवढं निराश "छान" मी कधी ऐकलेलं नाही. मी चहा विचारला, नको म्हणाले. लाडू विचारला, तोही नको. दाराशी चपला घालता घालता ते ओठंगून थांबले.

काकूंची चिकट पट्टी पावसात एका जागी सुटली होती. त्या फटीतून एक मुंगी कुंडीच्या काठावर आली, इकडे तिकडे बघून बुंध्याला लागली आणि वर निघाली. तिच्या मागे दुसरी.

काकांनी एक चप्पल पायात आणि एक बाहेर अशी ठेवून आमचा मोडा ओढला. "चहा टाका," ते म्हणाले, "साखर बेताची. आणि तुम्ही असे पलीकडून बसा, वरच्या फांद्या तुमच्याकडे. उतरणारी दिसली की हाक मारा, पोट फुगलंय का ते बघायचंय."

"नाही फुगलं तर?"

"मग वर जाण्याचं कारण शोधायला लागेल," काका म्हणाले आणि त्यांनी खिशातून नोंदवही काढली.